खडशीचं गाव कोणतं?

आमच्या बेळगावच्या कॅम्पात जुलै महिना आला हे ओळखायला कॅलेंडर लागत नाही. फिश मार्केटात एक फेरी मारली की पुरे. एरवी बांगडे, तारल्या, सुरमई, सौंदाळे यांनी भरलेल्या पाट्या निम्म्या रिकाम्या दिसतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे चोर्ला घाट चढून येणाऱ्या गोव्याच्या गाड्या रोडावतात. उरतो तो बर्फातला जुना माल आणि सुकी मासळी. आणि मग, वर्षभर कोपऱ्यात बसणारा एक मासा मानाने पुढे येतो. रोहू, कटला, मृगळ. गोड्या पाण्यातला, आमच्या भाषेत ‘तळ्यातला’.

मी कॅम्पात लहानाची मोठी झाले. आमच्या गल्लीत मराठी, कोंकणी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी एकाच नळावर पाणी भरायच्या. पण माशाच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं : मासा म्हणजे समुद्राचा. तळ्यातला मासा घरी आला की आई हळद-मीठ लावून तो दोनदा धुवायची, चिंचेच्या कोळात ठेवायची आणि तरीही म्हणायची, “मातकट वास राहिलाच बघ.” जेवताना बाबांची सूचना ठरलेली. “मासा चांगला आहे, खरं काटे बघून खा!” (बाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी रविवारी मुलगी माझ्याबरोबर मार्केटात आली होती. दोन किलोचा कटला बघून तिनं विचारलं, “मावशी, हा कुठला?” मावशी म्हणाल्या, “हिडकलचा.” मुलीचा पुढचा प्रश्न, “म्हणजे तिथंच जन्मला?” मावशी हसल्या. “जन्मायला तो कुठं धरणात जन्मतोय? पिल्लं आणून सोडत्यात की!”

पन्नास वर्षं मासे खाऊन मला ही गोष्ट माहीत नव्हती. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, जाडजूड होतात, त्यांच्या पोटात गाभोळी तयार होते. पण तळ्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणजे कॅम्पच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक रोहू कुठल्या तरी केंद्रात, माणसाच्या हातून जन्माला आलेला असतो. तो जन्म बघायची मला उत्सुकता लागली, आणि ती पुरी करायला निपाणीचा मामा कारणी लागला.

मामाचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठचं. एके काळी सगळं शिवार तंबाखूचं, आता बरंचसं उसाचं. शेताच्या खालच्या अंगाला वीस गुंठ्यांचं तळं आहे. पाणी उसासाठी साठवलेलं, पण मामानं त्यात मासे सोडायचं ठरवलं. पहिल्या वर्षी गावात एक गाडी आली, प्लास्टिकच्या पिशव्यांतून पिल्लं विकणारी. ‘रोहू-कटला मिक्स’ म्हणून मामानं हजार पिल्लं घेतली. वर्षभर भाताचा कोंडा आणि शेंगपेंड घातली. जाळं ओढलं तेव्हा हाती आली ती तळहाताएवढी चिलापी. चिलापी तळ्यातच पैदास करते, एकाचे शंभर होतात, आणि शंभरातला एकही धड वाढत नाही. कटल्याचे नग बोटांवर मोजण्याएवढे. खाद्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. मामी दोन दिवस मामाशी बोलली नाही, कारण त्या पेंडीला तिच्या भिशीचे पैसे गेले होते.

“स्वस्त मिळाली म्हणून घेतली,” मामा म्हणाला, “खरं डोळे झाकून घेतली.”

दुसऱ्या वर्षी तो शहाणा झाला आणि एका धरणाच्या पायथ्याशी असलेल्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात आधीच नाव नोंदवून आला. मी त्याच्याबरोबर गेले ती जुलैच्या मध्यात. पाऊस नुसता कोसळत होता, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना तोच हवा होता. “पाऊस नाही तर आमचं दुकान बंद,” एकजण म्हणाला.

केंद्र म्हणजे फार मोठी इमारत असेल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात उंचावर पाण्याची टाकी, तिच्याखाली सिमेंटचे दोन-तीन गोल हौद, आणि पुढे बांध घातलेली ओळीनं तळी. या गोल हौदांना ‘चायनीज हॅचरी’ म्हणतात. सगळी करामत पाण्याच्या फिरण्यात आहे. हौदाच्या तळाशी तिरक्या नळ्या बसवलेल्या असतात, त्यातून पाणी आलं की हौदभर गोल गोल फिरत राहतं. माशाला वाटतं, नदीला पूर आला.

पण नुसत्या फसव्या पुरानं काम होत नाही. संध्याकाळी निवडक नर-माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. हे तंत्र आपल्या देशात रुजवलं डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं त्यांनी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. म्हणून १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याआधी पुरात नदीकाठी जाळी लावून पिल्लं गोळा करायची आणि ती कलकत्त्याकडून दूरदूरच्या राज्यांत पाठवायची, असा उद्योग होता. त्यात कुठल्या माशाची पिल्लं किती, हे कुणालाच सांगता येत नसे. मामाच्या पिशवीसारखंच.

रात्री इंजेक्शन, पहाटे अंडी. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा हौदात साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी फिरत होतं. प्रत्येक दाणा पारदर्शक, आणि नीट बघितलं तर आत एक ठिपका हलतोय. चौदा ते अठरा तासांत तो ठिपका बाहेर येतो. पहिले तीन दिवस पोटाला बांधून आणलेल्या शिदोरीवर जगतो, तोंडानं काही खात नाही. या अवस्थेचं मराठी नाव मला फार आवडलं : मत्स्यजिरे. खरोखर जिऱ्याएवढं. ते मोजत नाहीत, जाळीच्या छोट्या वाटीनं मापतात. एका वाटीत किती हजार, ते आधी एकदा मोजून ठरवलेलं असतं.

जिऱ्याचं पुढे बीज होतं, दोन-तीन आठवड्यांत इंचभर. आणि दोन-तीन महिन्यांनी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी. कन्नडमध्ये या पिल्लांना ‘मीनुमरी’ म्हणतात, म्हणजे माशाचं पिल्लू. फलकावर कन्नड, बोलण्यात मराठी आणि पावतीवर इंग्रजी आकडे, असा आमच्या सीमाभागाचा नेहमीचा कारभार तिथंही होता.

मला वाटलं होतं, अंडी फुटली की काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. जिरे सोडण्याआधी तळं उपसून सुकवतात, चुना टाकतात, शेण घालून पाण्यात सूक्ष्म जीव वाढवतात, कारण तेच पिल्लांचं पहिलं अन्न. पाण्यातले किडे एका रात्रीत हजारो जिरे फस्त करतात. त्यांच्यासाठी साबण आणि तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरतात. श्वास घ्यायला वर आलेला किडा गुदमरतो, पिल्लांना काही होत नाही. एवढं करूनही जिऱ्यातले साधारण तिसरा हिस्साच बीज होतात, आणि बीजातले दोन तृतीयांशाच्या आसपास बोटुकली होतात. दोन किलोच्या एका रोहू मादीच्या पोटात चार लाखांच्या घरात अंडी असतात. त्यातून गळत गळत साठ-सत्तर हजार बोटुकल्या हाती लागल्या तर केंद्र खूश. ऐकायला गळती मोठी वाटते, पण नदीत सोडून दिलं असतं तर यातली फार थोडी जगली असती.

मामाला हजार बोटुकल्या मिळाल्या. जाड प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू, तोंड रबरानं आवळलेलं. प्रवासाआधी पिल्लांना एक दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पिशवीतलं पाणी घाण होत नाही. तळ्यावर पोचल्यावर मामा लगेच पिशवी फोडायला निघाला तर बरोबर आलेला पोरगा ओरडला, “थांबा की मामा!” पिशवी तशीच पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं. पिल्लं आपापली बाहेर गेली. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एका तळ्यात तीन मजले आणि भांडण नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जाळं ओढलं. सातशेच्या आसपास मासे, सरासरी पाऊण ते एक किलोचे. व्यापाऱ्यानं बांधावर येऊन शंभराच्या आसपास भाव दिला. खाद्य, बीज, जाळेवाल्यांची मजुरी जाऊन मामीची भिशी तर परत आलीच, वर धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी निघाली. तळं तेच, पाणी तेच, पेंडही तीच. फरक एवढाच, की पिशवीत जे लिहिलं होतं तेच निघालं.

सरकारी केंद्राचं मोल मला तिथं कळलं. खासगी केंद्रंही चांगली असतात, आणि मागणी एवढी आहे की ती लागतातच. पण चांगले जनक मासे वर्षानुवर्षं सांभाळणं, एकाच घराण्यात जोड्या लावून बीज निकस होऊ न देणं, बंदी असलेल्या थाई मागूरसारख्या जातीला दाराबाहेर ठेवणं, या गोष्टी झटपट नफ्यात बसत नाहीत. एखाद्या गावतळ्याचा ठेका घेतलेली भोई-कोळ्यांची सोसायटी असो की मामासारखा शेतकरी, फसवलं गेलं तर त्याला वर्षानंतर कळतं, आणि तोवर गाडीवाला पुढच्या जिल्ह्यात असतो. २०२० साली केंद्रानं प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली, वीस हजार पन्नास कोटींची. त्यात बीजकेंद्रांना पैसा आहे. पण पैशाइतकाच भरवसा पेरावा लागतो, असं मला त्या हौदांकाठी वाटलं.

इथवर गोष्ट पोटाची झाली. दुसरी गोष्ट माझ्या आजोबांची आहे.

आजोबा जांबोटीकडचे. लहानपणी ते आम्हाला मलप्रभेच्या डोहातल्या खडशीच्या गोष्टी सांगायचे. सोनेरी-करड्या अंगाची, हाताच्या पंजाएवढ्या खवल्यांची, आणि जोर असा की जाळ्यासकट माणसाला ओढून नेईल. खवल्यांच्या बाबतीत आजोबा वाढवून सांगत असतील, पण फार नाही. खडशी म्हणजे महासीर. आपल्या दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याजवळ मुळा-मुठेतून या माशाचं पहिलं वर्णन लिहिलं आणि नाव ठेवताना इथल्या लोकांच्या तोंडचं नावच लॅटिनमध्ये बसवलं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. आमची मलप्रभा आणि घटप्रभाही कृष्णेलाच मिळतात. म्हणजे साइक्सची खुद्री आणि आजोबांची खडशी एकाच घरच्या.

पुढे धरणं झाली. अंडी घालायला वर चढणाऱ्या माशाची वाट अडली. सुरुंगाच्या दारूनं डोह उडवणं, वाळूउपसा, विषारी सांडपाणी यांनी उरलेलं काम केलं. खडशी दिसेनाशी झाली. अशा वेळी लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी एक केंद्र उभं राहिलं. महाराष्ट्राचे निवृत्त मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी १९७०च्या आसपास महासीरची कृत्रिम पैदास तिथं यशस्वी केली. पुण्याला भाच्याकडे गेले असताना मी मुद्दाम वळवणच्या तलावाकाठी जाऊन उभी राहिले होते. इथलं पाणी मुळात इंद्रायणीचं, म्हणजे कृष्णेकडे जाणारं. वीज करण्यासाठी ते घाटाखाली खोपोलीला वळवलेलं आहे.

महासीरचं बाळंतपण रोहूपेक्षा नाजूक. अंडी लाखांत नसतात, हजारांत असतात. मोठी, पिवळसर, जड, तळाशी बसणारी. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य मिसळायचं आणि ट्रेमध्ये पसरून वरून सतत ताजं पाणी वाहतं ठेवायचं. फुटायला तीन-चार दिवस लागतात. कुलकर्णी-ओगले यांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. ही अंडी पाण्याशिवाय, ओल्या कापसात गुंडाळून विमानानं पाठवता येतात! लहान बाळाला दुपट्यात गुंडाळतात, तसं. त्यामुळे वळवणची पिल्लं आणि अंडी देशभर गेली. कर्नाटक सरकारनंही कोडगूमध्ये हारंगीला महासीरचं केंद्र चालवलं. आणि २०२०च्या अखेरीस बातमी आली, की आंतरराष्ट्रीय लाल यादीत टॉर खुद्री ‘संकटग्रस्त’ वर्गातून बाहेर आला, आता त्याची फारशी चिंता नाही. एका माशासाठी पन्नास वर्षं खपणाऱ्या माणसांचं हे यश आहे, आणि त्याला दाद दिलीच पाहिजे.

पण याच यशाला एक दुखरी बाजू आहे, आणि ती आपण सीमाभागातल्या माणसांनी जास्त नीट समजून घ्यावी.

वळवणची पिल्लं जिथं जिथं गेली त्यात कावेरी नदीही होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथं निळसर परांचा हा दख्खनचा महासीर सोडला गेला. हेतू चांगला होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा महासीर आधीपासून होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोच्या पुढे वाढणारा. गळानं मासे पकडणाऱ्यांनी त्याची कीर्ती जगभर नेली होती, पण शास्त्राच्या वहीत त्याची स्वतंत्र नोंद नीट झालीच नव्हती. धरणं, सुरुंग आणि वाळूउपसा यांनी तो खचत होताच. त्यात हा जोमदार पाहुणा आला आणि पसरला. २०१८ साली संशोधकांनी सिद्ध केलं की कावेरीचा तो मासा म्हणजे टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो लाल यादीत गेला, ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून. नाव निश्चित झालं, तोवर घर जवळजवळ रिकामं झालं होतं.

म्हणजे एकच पिल्लू कृष्णेच्या खोऱ्यात सोडलं तर माहेरी आलं, आणि कावेरीत सोडलं तर दुसऱ्याच्या घरात घुसलं. पिल्लाचा दोष नाही. प्रश्न पाण्याचा आहे.

हे समजायला पुस्तक नको, कणकुंबीला गेलं तरी पुरे. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या रस्त्यानं निघालं की खानापूर तालुक्यात कणकुंबी लागतं. माउलीचं देऊळ, पावसात चिंब झालेली झाडी आणि मलप्रभेचा उगम. इथला झरा पूर्वेला निघतो, कुडलसंगमाला कृष्णेला भेटतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात मिळते. दोन उगमांत फार अंतर नाही. पण एका झऱ्यातला मासा दुसरीकडे कधीच जाऊ शकत नाही. लाखो वर्षं दोन्हीकडची मासळी आपापल्या पाण्यात वेगळी घडत आलेली आहे.

ही वेगळी घडण किती बारीक असते, याचं उदाहरण आंबोलीला आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात एक बोटभर लांबीचा मासा सापडला. २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, नाव मिळालं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. हीच हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत आमच्या संकेश्वरला येते. उगम महाराष्ट्रात, संगम कर्नाटकात. दोन्ही राज्यांच्या मत्स्यखात्यांनी पिल्लं सोडताना एकमेकांना विचारावं, एवढं साधं शहाणपण ती नदी सांगते.

म्हणून मला वाटतं, बीजकेंद्रांची कामं दोन आणि हिशेबही दोन ठेवावेत. तळं, शेततळं, गावचा तलाव यांत रोहू-कटला भरपूर वाढवा. त्यानं माणसांची पोटं भरतात आणि नदीवरचा भारही हलका होतो. पण वाहत्या नदीत सोडायचं तर त्या नदीचंच लेकरू सोडा, आणि सोडण्याआधी त्याला चढायला वाट आणि अंडी घालायला गोटे-वाळू शिल्लक आहे का ते बघा. आपणही थोडं करू शकतो. घरातल्या काचेच्या टाकीतला कंटाळा आलेला मासा पुण्य म्हणून नदीत सोडू नये. शेततळ्यासाठी पिल्लं घेताना पावती आणि केंद्राचं नाव मागावं. आणि मृग ते श्रावण, गाभोळी धरलेला नदीचा मासा घेऊ नये, तळ्यातला घ्यावा.

गेल्या जुलैत लेकीला घेऊन कणकुंबीला गेले होते. धुक्यात उभं राहून तिला आजोबांच्या खडशीची गोष्ट सांगितली, खवल्यांच्या मापासकट. परतताना पावसातच कॅम्पात शिरलो. मार्केटात मावशी पाटी झाकून निघायच्या तयारीत होत्या. शेवटचा रोहू उरला होता.

“हा कुठला, मावशी?” लेकीनं विचारलं.

“तळ्यातला. निपाणीकडचा,” मावशी म्हणाल्या. “घेतीस का? काटे बघून खा, खरं!”

आम्ही घेतला. मामाच्या तळ्यातला होता की नाही, देव जाणे. चिंचेच्या कोळात ठेवला तर वासही फारसा आला नाही.